घोंगड्यांची खोली

फोन आला तेव्हा मी मिरजगावात डीजेविरुद्धची पत्रकं वाटत होतो. श्रीगोंद्याहून आत्याच्या शेजारच्या मंगलताई बोलत होत्या, पण मागच्या दणदणाटात काही कळेना. "मोठ्यानं बोला!" मी ओरडलो. त्याही ओरडल्या, "आत्या गेल्या ओ दादा! खुर्चीतच गेल्या!" मरणाची बातमीसुद्धा ओरडून सांगावी लागते, अशा गावात माझी आत्या राहत होती...

शालनआत्या ही माझ्या वडिलांची बहीण. प्राथमिक शाळेत उभा जन्म काढला, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर एकच चैन केली. गाणं ऐकायला चांगले स्पीकर घेतले. घर नवं, स्लॅबचं. खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या. पहिली तान सुरू झाली आणि आत्याचं तोंड कडू झालं. "सुध्या, ही बाई हौदात बसून गातीय का रे?" दुकानदार म्हणाला, अजून मोठे स्पीकर घ्या. त्याला तिनं वर्गातल्या पोरासारखं गप्प बसवलं. खोलीच्या मधोमध उभी राहून तिनं टाळी वाजवली. टाळी संपली तरी भिंती वाजतच होत्या. दोष खोलीचा होता. मग ती मेंढपाळांकडं गेली. भिंतींवर घोंगड्या चढल्या, कोपऱ्यांत लोकरीनं ठासलेली पोती उभी राहिली, आवाजाबरोबर झणझणणारं लोखंडी कपाट बाहेर गेलं, स्पीकर भिंतीपासून पुढं आले. पावसाळ्यात त्या खोलीला मेंढरांचा वास यायचा. मी नाक धरलं की म्हणायची, "तुला वास येतो, मला तंबोरा येतो. बस गप." आणि खरंच, तिथं गाणारीचा श्वाससुद्धा सुटा ऐकू यायचा. माझी पत्रकं मी तिथंच तिला वाचून दाखवायचो. "लई ठणाणा हाय ह्यात," ती म्हणायची. "दोन उद्गारचिन्हं काढ, मग माणूस ऐकंल."

गावात मात्र वेगळंच पसरलं: बाईंनी साउंडप्रूफ खोली बांधली म्हणे. घात झाला तो इथं. घोंगडी खोलीतला आवाज पिते. रस्त्यावरचा दणका अडवायची ताकद तिच्यात नाही. मिरवणुकीतल्या गाण्याचे शब्द, पोरांचा गलका, सगळं भिंतींत आणि लोकरीत मरून जायचं, आणि आत यायचा तो नुसता ठोका. त्याला ना सूर, ना शब्द. दाराबाहेर कुणीतरी उभं राहून मूठ हाणतंय, असा. आत्याच्या हृदयात आधीच स्टेंट होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, डीजेपासून लांब राहा. लांब म्हणजे कुठं? मिरवणूक तिच्या दारावरूनच जायची, आणि वर्षभर कुणाची ना कुणाची असायचीच.

मिरवणुकीआधी पोलीस ठाण्यात झालेल्या बैठकीला मी तिच्याबरोबर गेलो होतो. तिचं मागणं एवढंच, की डीजेचा ट्रॅक्टर माझ्या दारासमोर थांबवू नका. मंडळाचा अध्यक्ष तिचाच विद्यार्थी. हात जोडून हसला. "बाई, तुमच्याकडं तर खोली हाय की! आमी वाजवलं तरी तुमाला कळंल व्हय?" सगळे हसले. ठाण्याच्या साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "आजी, दार लावून आत बसा." संपला विषय. मी उठून बोलायला लागलो, तर आत्यानं माझा शर्ट ओढला. बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्याला सातचा पाढा येत नव्हता, त्याचं काही नाही रे. पण माझीच खोली माझ्यावर उलटली..."

मिरवणुकीच्या संध्याकाळी ट्रॅक्टर तिच्या दारासमोरच थांबला. ती सांगितल्याप्रमाणे दार लावून आत बसली. मंगलताईंनी खिडकीतून हाका मारल्या. त्या कुणाला ऐकू येणार? मिरवणूक वळणावर गेल्यावर दार ढकललं, तेव्हा सगळं आटपलं होतं. दाखल्यावर हृदयविकार लिहिलाय. लिहू दे. दारात काय वाजत होतं, ते लिहायला दाखल्यात रकाना नसतो.

परवा मी ती खोली उघडली. पंख्याखालची धूळ झाडताना फरशीवर खडूची वर्तुळं दिसली. खुर्ची जिथं जिथं ठेवली, तिथं तिथं तिनं गोल काढला होता. पलंगाजवळ, भिंतीशी, मधोमध. ठोका खोलीत सगळीकडं सारखा नसतो. कोपऱ्यात साचतो, एखाद्या जागी विरतो. ती जागा आत्या शोधत होती. जी जमली नाही तिच्यावर फुली. फुली नसलेलं वर्तुळ मला सापडलं नाही.

तेवढ्यात मंगलताई नातवाला खांद्यावर घेऊन दारात आल्या. "दादा, पुढच्या मिरवणुकीला ही खोली उघडून द्याल का? बाळ लई दचकतंय ओ. इथं काय ऐकू येत न्हाई म्हनं."

"येतं," मी म्हणालो. "ठोका येतो."

त्यांना वाटलं, मी टाळतोय. "आत्या न्हाई म्हनल्या नसत्या," म्हणत त्या आत आल्याच. आणि चौकात मंडळाच्या नव्या डीजेची चाचणी सुरू झाली. कोपऱ्यातलं पोतं थरथरलं. बाळ त्यांच्या मानेला चिकटलं, रडायचंही विसरलं. मंगलताई पलंगाजवळ सरकल्या, तिथून भिंतीकडं, तिथून परत मधोमध... एकेका वर्तुळात थांबत, कान देत.

"इथं कमी हाय का ओ, दादा?" त्या विचारत होत्या. "का तिथं?"