डोमनलालचा गिलास

शामकला रहांगडाले सेवेच्या ओढीनं नर्स झाली असं कोणी म्हणालं, तर त्याला म्हणू द्यावं. खरं कारण एक स्टीलचा गिलास होता.

तिचे वडील डोमनलाल सौंदडजवळ धानाची शेती करायचे. २००३ साली त्यांना जिभेचा कॅन्सर झाला. सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हा इलाज संपला होता आणि नुसतं दुखणं उरलं होतं. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या. त्या गेल्या अनुसयाबाई सिस्टरच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला. बाईंचा नियम एकच होता. पेशंट मागत नाही तोवर गोळी द्यायची नाही, नाहीतर सवय लागते. जीभ सडलेला माणूस मागणार कसा, एवढं साधं त्या बाईला सुचलं नाही!

मग डोमनलाल घरून आणलेला गिलास खाटेच्या दांडीवर आपटायचे. घरच्या सगळ्या भांड्यांवर असतं तसं त्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी अनुसयाबाईंनी गिलास उचलून नेला. "बाकीच्या पेशंटले तरास होते," म्हणाल्या. अकराव्या दिवशी डोमनलाल गेले. बाईंनी गिलास परत केला, तेव्हा कपाटातली गोळ्यांची पट्टी जवळजवळ अख्खी होती. एकोणीस वर्षांच्या शामकलानं ती डोळ्यांनी पाहिली आणि मनात पक्कं केलं, की एक दिवस ही बाई दांडी वाजवेल आणि मी उभी राहून ऐकेन.

ती नर्सिंग शिकली. पुढे केरळात कॅन्सरच्या दुखण्यावरचं खास प्रशिक्षण घ्यायला गेली. तिथं पहिल्याच दिवशी सांगितलं, की ही गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची, रडण्याची वाट पाहायची नाही. बाकीच्यांनी ते वहीत उतरवलं. शामकलानं मात्र रागानं वही मिटली. बापाचे अकरा दिवस फुकट जळले होते, हे आता तिला पुराव्यानिशी कळलं होतं.

गावाकडे परतून ती सरकारी दवाखान्यात कॅन्सरच्या पेशंटची खोली सांभाळू लागली. २०१४ साली अनुसयाबाई तिच्याच खोलीत भरती झाल्या. छातीचा कॅन्सर पाठीच्या हाडांत उतरला होता. त्यांनी शामकलाला ओळखलं नाही. शामकलानं मात्र कागद पाहण्याआधीच ओळखलं.

पहिली गोळी दुपारी बाराची होती. बारा वाजले. शामकला गोळी मुठीत धरून दाराबाहेर उभी राहिली. थोड्या वेळानं आतून बांगड्या दांडीवर आपटू लागल्या. अकरा वर्षं जो आवाज ऐकायचा होता तो हाच, आणि तिला तो गोड लागला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग तिनं आत डोकावलं. अनुसयाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि नजर दारावर लावली होती. बापही असाच दाराकडे बघायचा. शामकला आत गेली आणि गोळी दिली. असा सूड तिला पुरणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं घरून तो गिलास आणला आणि त्यातच पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर अनुसयाबाईंनी नाव वाचलं.

"हे डोमनलाल कोन?"

"माहा बाप. खाट नंबर सात. त्याले जीभ नव्हती सिस्टर, म्हनून त्यानं गोळी मांगितली नाही. तुमी हा गिलास उचलून नेला होता."

बाईंनी गिलास खाली ठेवला. म्हणाल्या, "आमाले तसंच शिकवलं होतं, पोरी."

"मालूम आहे मले. तरी माफी नाही भेटन. गोळी भेटन."

त्यानंतर दर चार तासांनी गोळी येत राहिली, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. तिसऱ्या दिवसापासून दुखणं उतरलं. बाई जेवू लागल्या, झोपू लागल्या. आणि दुखणं उतरलं तशी त्यांना खाट नंबर सात आठवू लागली. कळांनी तळमळणाऱ्या माणसाला मागचं काही आठवत नाही, हे शामकलाला पक्कं ठाऊक होतं. तिला ती बाई शुद्धीत हवी होती.

आठव्या दिवशी अनुसयाबाईंनी हात जोडले. "दुसरा गिलास दे ना वं. हा हातात धरवत नाही."

शामकलानं घड्याळ पाहिलं. चार वाजले होते. तिनं गोळी बाईंच्या जिभेवर ठेवली, गिलास भरला आणि नाव समोर येईल असा फिरवून त्यांच्या ओठांना लावला.