मास्तीचा मारुती

पांढरे कॅनव्हासचे बूट, कापडी टोपी आणि गळ्यात दुर्बीण अशा थाटातला माणूस सकाळी समोरून येताना दिसला की माझं डोकं अजून फिरतं. त्या बिचाऱ्यानं माझं काही बिघडवलेलं नसतं. तरी मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालायला लागते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मल्लेश्वरमला आम्ही दोघीच राहत होतो, आई आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी शाळेत गणित शिकवत होते आणि लग्न कधी करणार हे विचारायचं लोकांनी एव्हाना सोडून दिलं होतं. आमचं घराणं बंगळूरचंच. पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत गेलेच नाहीत. एवढी वर्षं इथलं पाणी पिऊन आमच्या मराठीत कानडी मुरली होती. थोडं म्हणजे 'स्वल्प', मोठा माणूस दिसला की 'अण्णा', मोठी बाई दिसली की 'अक्का'. आणि बोलणं आवरायचं झालं की 'सरी', म्हणजे 'बरं'. ऑटोवाला दीडपट मागतोय, भांडायचं त्राण नाही, 'सरी'. शेजारीण तिसऱ्यांदा तेच सांगतेय, 'सरी'. आई हा शब्द पटलं म्हणून क्वचितच वापरायची, बहुतेक वेळा पुरे झालं म्हणून वापरायची. पुढचं सगळं रामायण या एका शब्दानं घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आईला मधुमेह होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज चाला, बसून राहिलात तर पाय जातील.

"चालायचं म्हणजे कुठं?" आईनं विचारलं होतं.

"कुठं नाही गं. नुसतं चालायचं."

"नुसतं कोण चालतंय?"

बागेत गोल गोल फेऱ्या मारणाऱ्यांना ती घाण्याचे बैल म्हणायची. दोन दिवस मी तिला ओढत नेलं, तिसऱ्या दिवशी तिनं दार उघडलं नाही. मग तिनंच तोड काढली. ती मास्तीकडे जायला लागली.

तळ्याच्या बांधाखाली एका पिंपळाच्या पारावर, नागांच्या दगडांच्या शेजारी, गुडघ्याएवढी एक शिळा उभी होती. वर पावसानं झिजलेले चंद्र-सूर्य, मध्ये एक आकृती आणि कोपरातून वर उचललेला हात. इकडे अशा दगडाला मास्ती म्हणतात, म्हणजे महासती. नवऱ्यामागं जाळलेल्या बाईचा दगड. मनगटात बांगड्या आणि मुठीत लिंबू. आईनं लग्न होऊन आल्यापासून तो पाहिलेला होता, आता रोज सकाळी तिथवर चालत जाऊन ती त्याला हळदकुंकू लावायला लागली.

मला हा प्रकार मुळीच आवडत नव्हता. बाईला जाळायचं आणि वर दगड उभा करून मिरवायचं. एकदा मी तसं म्हणाले, तर आई म्हणाली, "म्हणून तर जाते. तिला जाताना कुणी विचारलं नसेल. आता तरी रोज कुणी विचारू दे." आणि खरंच, कुंकू लावून झालं की ती वाकून कानडीत विचारायची, "हेगिद्दीया अक्का?" कशी आहेस, ताई?

लग्नामुंजीत हळदीकुंकवाचं तबक आईला टाळून पुढं जायचं, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. तिच्या हातचं कुंकू घेणारी अख्ख्या बंगळूरात ही एकच बाई होती. आईचं चालणं सुरू झालं, साखर खाली आली, पायाची सूज उतरली. डॉक्टर खूश झाले आणि मीही.

त्याच सुमाराला मी रविवारच्या मराठी भटकंती मंडळात जायला लागले. नोकरीनिमित्त नव्यानं आलेली पुण्या-मुंबईची मंडळी होती. सकाळी चालायचं, एखादी जुनी जागा बघायची, पोहे खायचे आणि घरी यायचं. किल्ल्याचा उरलेला तुकडा, पेठेतली देवळं, शहराच्या चार दिशांना उभे असलेले जुने बुरूज, असं बरंच पाहिलं. खोटं कशाला बोलू, मजा यायची. माझ्याच गावात मी इतकं कधी चालले नव्हते.

मंडळाचे अध्यक्ष पुण्याहून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले गृहस्थ होते. टोपी, दुर्बीण, बूट सगळं त्यांचंच. कुठल्याही दगडासमोर ते हात मागे बांधून उभे राहत आणि बोलत. माहिती असली तरी बोलत, नसली तर जरा जास्त वेळ बोलत. मी एकदा आईला घेऊन गेले. मराठी माणसांत ती रमेल असं मला वाटलं होतं.

तिनं त्यांना आपुलकीनं 'अण्णा' म्हटलं.

"अण्णा काय, वहिनी? मी काय इडलीची गाडी लावतो की काय?"

सगळे हसले. आईही हसली. मग ती म्हणाली, "स्वल्प हळू चाला हं, माझे पाय दुखतात." तर यांनी तिथंच उभं राहून, "स्वल्प नाही, थोडं म्हणावं," असा धडा दिला. लिहिताना स्वल्पविराम चालतो, आई स्वल्प म्हणाली की मराठी बाटते! मी तोंड उघडणार तोच आईनं माझा दंड चिमटला.

एवढं होऊनही तिनं मंडळाला बोलावलं. आमच्याकडेही एक जुना दगड आहे, या एकदा, म्हणाली. आदल्या दिवशी रात्रीच डाळ भिजत घालून तिनं सगळ्यांसाठी आंबोडे, म्हणजे आपले डाळवडे, केले, डबा घेऊन आपल्या पायांनी पुढं चालत गेली आणि पारापाशी थांबून अभिमानानं म्हणाली, "ही आमची मास्ती."

"मस्ती?" अध्यक्ष म्हणाले. पुन्हा हशा. मग त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो वहिनी, मारुती म्हणायचंय तुम्हाला! हा बघा उगारलेला हात. अस्सल आपल्याकडचा वीर मारुती. आपले लोक इथवर आले होते त्याचा हा पुरावा!"

"नाही हो, मास्ती," आई म्हणाली. "बाई आहे ती."

"मारुतीच. उच्चार बिघडलाय तुमच्याकडे. मा-रु-ती."

ते तिच्याकडून म्हणवून घ्यायला बघत होते, पहिलीतल्या मुलीकडून घ्यावं तसं. आईनं हातातला डबा सावरला आणि म्हणाली, "सरी."

झालं. "बघा, वहिनींनीच मान्य केलं," असं म्हणत ते मंडळींकडे वळले. मी ओरडून सांगत होते की सरी म्हणजे मान्य नव्हे. पण तोवर आंबोड्यांचा डबा उघडला होता आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पुढच्याच शनिवारी मंडळ तेल आणि शेंदूर घेऊन पारावर हजर झालं. दगडाला नखशिखांत शेंदूर फासला, रुईची माळ घातली, नारळ फोडला. लाल रंग दिसल्यावर आपल्या लोकांना आणखी काय लागतं? ज्यांनी जन्मात त्या दगडाकडे पाहिलं नव्हतं ते चपला काढून हात जोडायला लागले. वर पत्रा आला, समोर जाळी आली, दानपेटी आली. आणि मग पाटी आली, वर कानडीत आणि खाली शुद्ध मराठीत. स्त्रियांनी मूर्तीस स्पर्श करू नये.

आई त्या दिवशी हळदकुंकवाची डबी तशीच घेऊन परत आली. मला वाटलं रडेल, भांडेल, निदान शिव्या तरी देईल. ती म्हणाली, "बिडु गं." सोड, जाऊ दे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच अध्यक्षांच्या फ्लॅटवर जाऊन थडकले. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, बिस्किटं दिली. अशी माणसं चहा फार चांगला देतात.

"मनगटात बांगड्या आहेत तिच्या," मी म्हणाले.

"कडी आहेत ती. मारुतीला कडी असतात."

"आणि हातातलं लिंबू?"

"लिंबू कसलं? द्रोणागिरी."

"एवढासा?"

"शिल्पकाराला जागा कमी पडली असेल."

"शेपूट कुठंय?"

"झिजली," ते म्हणाले आणि बशीतलं बिस्कीट चहात बुडवलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे पहा, तुमच्या म्हणण्याला लेखी आधार काय? आणि समजा असलाच, तरी आता लोकांच्या भावनेचा प्रश्न आहे. तुमच्या मातोश्रींनी लांबून नमस्कार करावा की. देव काय, लांबूनही पावतो."

माझी आई तिथं पावून घ्यायला जात नव्हती हो. ती एका बाईची विचारपूस करायला जात होती. हे मी त्यांना सांगितलं का? नाही. बशी आपटून उठले तेवढंच. खाली उतरेपर्यंत मला द्यायची सगळी उत्तरं सुचली, ती आजही पाठ आहेत.

एका बाईला जिवंत जाळलं. मग तिचा दगड केला. मग दगडावरची बाईसुद्धा पुसून तिचा पुरुष केला, तोही ब्रह्मचारी, आणि बायकांनी त्याला शिवू नये अशी पाटी लावली. आणि हे सगळं इतिहासाच्या प्रेमापोटी, रविवारी सकाळी, तब्येतीसाठी चालता चालता! मी मंडळ सोडलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

आईनं चालणं सोडलं. मी विनवण्या केल्या, रागावले, दुसरं देऊळ शोधून दिलं, दूध आणायच्या निमित्तानं बाहेर काढलं. ती कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची. "कुठं जायचं?" एवढंच म्हणायची. तिच्या या गप्प बसण्याचा मला त्या अध्यक्षापेक्षा जास्त राग यायचा. साखर वाढली. पाय आधी सुजले, मग बधिर झाले, मग एका अंगठ्याची जखम भरेना आणि तो काढावा लागला. डॉक्टरांनी मलाच विचारलं, "इतकं छान चालत होत्या, का थांबवलंत?" काय सांगणार? मारुतीमुळं?

दशक संपत आलं तेव्हा अध्यक्ष मुलाच्या बदलीबरोबर निघून गेले होते. मंडळही मोडलं होतं. शनिवारी कुणी ना कुणी शेंदूर चढवायचं मात्र सुरूच होतं. उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी सकाळी मी बांधाखालून चालत होते. सहज पाहिलं आणि थबकले. शेंदराची जाड खोळ उन्हानं तडकून अख्खी गळून पडली होती. जाळीच्या आत तुकडे पडले होते आणि दगड मोकळा उभा होता. वर केलेला हात, मनगटातल्या बांगड्या, मुठीतलं लिंबू, सगळं जसंच्या तसं. उलट शेंदरानं पावसापासून राखल्यासारखं.

मी धावतच घरी आले आणि आईला सांगितलं. ती पलंगावरून उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिनं आपणहून चपला मागितल्या. उद्या शनिवार. उद्या पुन्हा कुणीतरी फासणार, हे तिला न सांगता कळलं होतं.

"ऑटो आणते," मी म्हणाले.

"तिच्याकडे ऑटोतनं जायचं? बेडा, नको. चालत येते."

माझ्या खांद्यावर हात टाकून ती निघाली. फाटक ओलांडलं, शेजारच्यांची जास्वंद ओलांडली, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आलो. तिथं ती थांबली. पाऊल उचलायचा प्रयत्न केला, ते उचललं गेलं नाही. पुन्हा केला. मग दुकानाच्या पायरीवर बसली, कमरेची डबी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू जा. कुंकू लाव. आणि विचार तिला."

मी गेले. देव-धर्म काही न मानणारी मी, त्या पाटीसमोरून जाळीच्या आत शिरले. एक म्हातारा "अम्मा, अम्मा, मुट्टबेडी," शिवू नका, असं ओरडत आला, त्याच्याकडे मी असं पाहिलं की तो जागच्या जागी थांबला. मी हळद लावली, कुंकू लावलं. विचारताना आवाज चढलाच, भांडायला आल्यासारखा, पण विचारलं. हेगिद्दीया अक्का?

आई पायरीवरच बसून होती. माझ्या बोटांवरचं कुंकू तिनं पाहिलं.

"विचारलंस?"

"विचारलं."

"रागानं चालत आलीस ना? लवकर आलीस."

मी डबी तिच्या हातात परत दिली. आईनं आपल्या पायांवर साडी ओढून घेतली.

"मला पण त्या दिवशी राग यायला हवा होता गं," ती म्हणाली. "मी सरी म्हणाले. राग आला असता तर पाय चालत राहिले असते."