बोटांच्या बेचक्यातली मेंदी

माझी नणंद विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हा आमच्या भागात गावोगाव मराठी शाळा निघत होत्या. सातवी पास बाई म्हणजे सोनंच. तिला तीन मैलांवरच्या गावात मास्तरीण म्हणून नेमलं. चुलतसासऱ्यांना ते मुळीच पसंत नव्हतं, पण सासूबाईंनी तिला पाठवलंच.

पावसाळ्यात वाटेवरचा ओढा आणि काळी चिकट माती तुडवून तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. कातडी पांढरी पडून चिरली, पाऊल टेकवेना. मी सोलापूरची, माहेरी कंपाउंडरचा शेजार, त्यामुळं मला सगळं कळतं असा माझा समज. मी मलम चोपडून वर पट्टी करकचून बांधली. ती तशीच ओढ्यातून ये-जा करत राहिली. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर कातडी पट्टीबरोबर निघून आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिन्यांची कच्ची नोकरी. चार दिवस घरी बसली की चुलतसासरे कायमचंच बसवणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

सासूबाई मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. त्यांनी तिचे पाय कोमट पाण्यानं धुतले, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं एकेक बेचकं टिपलं, प्रत्येक बोट वेगळं धरून वारं लागू दिलं. मग मला कुंपणाच्या मेंदीचा पाला वाटायला लावला.

पाला वाटला, पण माझा हात अडला. विधवेला मेंदी कशी लावायची? सासूबाई स्वतः विधवा, त्यांना का ठाऊक नव्हतं? त्यांनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि लेप बेचक्यांत भरला.

दोन दिवसांत आग थांबली, कातडी धरू लागली. बोटं मात्र लालभडक. ताक न्यायला आलेल्या शेजारणीनं ती पाहिली आणि दिवस कलायच्या आत चुलतसासरे ओट्यावर हजर. मास्तरकी बंद, रांडमुंड बाईला मेंदीची हौस कशाला, असं बरंच बोलले. नणंद दाराआड थिजून उभी.

सासूबाई आतून आल्या, समोर बसल्या आणि लुगड्याची कड जरा वर घेऊन दोन्ही पाय पुढं केले. दहाही बोटं लाल. कधी लावली, मलाही पत्ता नव्हता.

"भावजी, तिच्या बोटांत चिखल्या हाईत," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्या बोटांत काय बी न्हाय. काय बोलायचं ते आदी मला बोला."

थोरल्या भावजयीला बोलायची त्यांची छाती नव्हती. ते पाणी न पिताच उठले.

दुसऱ्या दिवशी नणंद शाळेला गेली, पिशवीत कोरडं फडकं घेऊन. वर्गात शिरण्याआधी पाय धुऊन बेचकी पुसायची, असा सासूबाईंचा हुकूम होता.

पुढं सासूबाई रोज ओट्यावर पाय पुढं करूनच बसू लागल्या. पंधरा दिवसांनी रंग फिका पडला, तेव्हा त्यांनी मला पुन्हा पाला वाटायला सांगितलं. नणंदेच्या चिखल्या तोवर पार बऱ्या झाल्या होत्या.