ली यांच्याकडचं बदकाचं सूप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीटसं कळत नाही.

ह्यांची बदली चंदीगडला झाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. एकाहत्तर-बहात्तर साल असेल. सेक्टर बावीसमध्ये दोन खोल्या, बरोबर सासूबाई, घरात अंडंसुद्धा चालत नसे. मी शाळेत शिकवायचे. शनिवारी अर्धा दिवस. परतताना मार्केटच्या मागे ली नावाच्या गृहस्थांचं चार टेबलांचं हॉटेल लागायचं. तिथून येणारा वास ओळखीचा वाटे — पण कशाचा? एकदा न राहवून आत जाऊन विचारलंच. त्यांनी डबा उघडून चक्रीफूल दाखवलं. माझी आई मसाल्यात घालायची तेच! ते बदकाच्या सूपात काय करत होतं?

मग बसले. खाल्लं. काळसर, जरा गोडूस मांस, खाली जाड नूडल्स, वर तेलाचे बारीक थेंब. पाप वाटलं का? खोटं कशाला बोलू — नुसतं नवल वाटलं. पुढे दर शनिवारी जाऊ लागले. घरी सांगायचे, शाळेत मीटिंग होती.

एवढंच असतं तर लिहायला बसले नसते.

ली जन्माने कलकत्त्याचे, हिंदी बंगाली वळणाचं. पण आईवडील चिनी. आणि बासष्टच्या चीनच्या लढाईनंतर अशा माणसांना परगावी राहायला पोलिसांची परवानगी लागायची. अर्जात ओळखीच्या दोन माणसांची नावं हवी होती. एक शेजारचे दुकानदार सरदारजी. दुसरं माझं चालेल का, त्यांनी संकोचत विचारलं. मी लगेच हो म्हटलं. पत्ता माझ्या हाताने लिहून दिला.

रविवारी सकाळी पोलीस दारात. ह्यांनी दार उघडलं. सासूबाई समोरच पालक निवडत होत्या.

“मैडम, ली नाम का आदमी कहता है, आप हर शनिवार उसके यहाँ खाना खाती हैं. आप उसे जानती हैं?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — फक्त काय उत्तर देते ते ऐकायला.

“नहीं,” मी म्हणाले. “मैं नहीं जानती.”

त्याने वहीत लिहून घेतलं आणि गेला. सासूबाई पुन्हा पालकाकडे वळल्या.

पुढच्या शनिवारी मी परत तिथे गेले. का गेले? ते काय करतील ते पाहायला? — बहुधा तेवढ्यासाठीच. त्यांनी नेहमीसारखं सूप आणून ठेवलं आणि समोर बसले.

“मैडम, वो पुलिसवाला किसी गलत घर में चला गया,” ते म्हणाले. “आपका घर उसको मिला नहीं.”

तेव्हा तिथे हे नव्हते, सासूबाई नव्हत्या. आम्ही दोघंच होतो. नंतर मी कितीदा तरी विचार केलाय — त्यांना खरंच तसं वाटलं होतं, की त्यांनी मला वाट करून दिली?

“हो सकता है,” मी म्हणाले. आणि सगळं सूप संपवलं.

पंधरवड्याच्या आत हॉटेलला कुलूप लागलं. परवानगी मिळाली नाही, ते कलकत्त्याला परत गेले, असं सरदारजी म्हणाले. त्यांच्याकडे ली यांचा पत्ता होता. हवा का, असं त्यांनी आपणहून विचारलं.

मी नको म्हटलं.