दारावरचं स्वस्तिक
कपाटातली लोकर काढली, की डांबरगोळ्यांच्या वासासरशी मला ती दिवाळी आठवते. तेव्हा आमच्या मेडशी गावात घरोघरी सोयाबीनची पोती येऊन पडली होती आणि मी अंगणात बसून दारासाठी लाल तोरण विणलं होतं, मधोमध पिवळं स्वस्तिक. फोटो मी आमच्या क्रोशाच्या ऑनलाइन गटात टाकला. देशोदेशीच्या बाया तिथे आपलं विणकाम दाखवतात. थोड्याच वेळात पोलंडच्या एका आजींनी लिहिलं, "हे कृपा करून काढा." मला राग आला. नणंद म्हणाली, "कायले काढता वो वहिनी? आपल्या सणाचं हाये ते. तिलेच काढा म्हणा गटातून." गटातल्या काहीजणी तसं म्हणूही लागल्या होत्या. मी भाषांतराच्या अ‍ॅपवरून आजींना विचारलं, की आमच्याकडे हे शुभ असतं, तुम्हाला काय खुपलं? उत्तर आलं: त्यांच्या वडिलांना नाझींच्या छळछावणीत मारलं होतं, आणि मारणाऱ्यांच्या बाहीवर असंच चिन्ह होतं. मी ते नणंदेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हातारीले रडवून कायची दिवाळी?" मी फोटो गटातून काढून टाकला आणि आजींना गटातच राहू द्या, असं सगळ्यांना लिहिलं. दुसऱ्या दिवशी आजींचा निरोप आला, "तुझ्या दारावरचं उतरवू नकोस. तिथे ते शुभच असू दे. फक्त मला बघवत नाही." आजही आम्ही दोघी त्या गटात आहोत. त्यांना घराचे फोटो पाठवताना मी दार तेवढं वगळते.