पदराखालचा हात

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगायचं तर आजवर एकावरही विश्वास ठेवला नव्हता. सिन्नरच्या शाळेत आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, "आधी तपासा, मग माना." तेवढं एक धरून मी इंजिनियर झाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच. आईने विड्या वळून मला शिकवलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं त्या विड्यांशीच जोडलेलं आहे.

मी जर्मनीत, कार्ल्सरूहेला सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. गेल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. चालणं काठीच्या आधाराने परत आलं, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. थोडी सावरल्यावर मी तिला इकडे आणलं. रोज व्यायाम, मालिश, रबरी चेंडू दाबणं... काही उपयोग नाही. तो हात कुणी बघितलेला तिला आवडायचा नाही, सदा पदराखाली.

माझा भाऊ संतोष चाकणला असतो. त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं — "आईला स्वतःचा अंबाडा स्वतः घालता आला, तर राहू दे सिन्नरला एकटी. नाहीतर माझ्या फ्लॅटवर." त्याचं काही चुकत नव्हतं. पण आईला तिचं घर, तिचा ओटा आणि शेजारची शकूकाकू सोडून कुठेही जायचं नव्हतं. आणि परतीची तारीख जवळ आली होती.

ऑफिसातल्या एकीने सुचवलं, जुन्या कारखान्याच्या इमारतीत एक आउसश्टेलुंग, म्हणजे प्रदर्शन, लागलंय, हातांच्या हालचालीवर चालणारं. आईंना हुरूप येईल. शनिवारी दुपारी आई, मी आणि माझी मुलगी मुक्ता, तिघी गेलो. मोठा अंधारा हॉल. भिंतीसमोर हात हलवले की कॅमेरे ते टिपतात आणि भिंतीवर उजेडाच्या रेघांनी तेच हात उमटतात, माणसाच्या उंचीएवढे.

"यांची लाइट गेली का गं?" आई म्हणाली. "इतक्या लांब येऊन लोडशेडिंगच बघायचं होतं तर सिन्नर काय वाईट होतं?"

ती भिंतीसमोरच्या बाकावर बसली. डावा हात काठीच्या मुठीवर, उजवा पदराखाली. मुक्ताने भिंतीवर ससा केला, मग दोन्ही तळव्यांची मगर केली. मी तिचे फोटो काढत होते.

"आई, वास माख्ट आजी दा?" मुक्ताने विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं जर्मनमध्ये. आजी काय करतेय, असं विचारत होती.

"काही नाही. बसलीये."

"नाईन... दा!" तिने भिंतीकडे बोट केलं.

आईच्या समोर भिंतीवर दोन हात चालले होते. डाव्या हाताने काहीतरी धरलं, उजव्याच्या चिमटीने त्यात काहीतरी पसरलं, वळलं, टोक नखाने दुमडलं, वर दोरा गुंडाळला. पान नव्हतं, तंबाखू नव्हता, दोरा नव्हता... नुसते हात. आणि दर वेळी शेवटी उजवा अंगठा खाली जाऊन काहीतरी पुसल्यासारखं करून वर यायचा. आई प्रत्येक विडीनंतर अंगठा गुडघ्याला पुसायची. लहानपणी मी तिच्या शेजारी बसूनच अभ्यास करायचे, मला ते कोण शिकवणार? उजवी करंगळीसुद्धा तशीच होती, कात्री लागून वाकडी झालेली.

मी आईजवळ गेले आणि पदर बाजूला केला. हात मांडीवर निपचित होता. मी हातात घेतला. गार. बोटं जराही हलत नव्हती. भिंतीवरचे हात चालूच होते.

आई भिंतीकडे बघत होती. ओठ हलत होते. विड्या मोजताना हलायचे तसे.

तिथे काम करणाऱ्या मुलीला मी बोलावलं. आधीच्या कुणाचं रेकॉर्डिंग असेल, असंच मला वाटलं. ती म्हणाली, इथे काहीच साठवलं जात नाही, कॅमेऱ्याला समोर दिसतं तेवढंच उमटतं.

"पण हिचा उजवा हात तर झाकलेला होता, डावा काठीवर," मी म्हटलं.

"गेनाऊ... तेच तर," ती म्हणाली. मग तिने सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. माझे हात आले, मुक्ताचे आले, आईचा काठीवरचा डावा हात आला. उजवा आला नाही.

ट्राममध्ये आई खुशीत होती. "बघितलंस ना? येतंय मला अजून. मी सिन्नरलाच जाणार."

"आई, हात हलला नाही गं. मी बघत होते."

"तू मांडीकडे बघत होतीस," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी तिच्या उजव्या हातात फणी दिली. फणी खाली पडली. तरी आई ऐकेना. शेवटी सिन्नरलाच गेली. संतोष माझ्यावर भडकला, "ताई, तू शिकलेली ना? भिंतीवर काय दिसलं म्हणून म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडायचं?"

पहिल्याच आठवड्यात मी व्हिडिओ कॉल केला. आईचा अंबाडा घट्ट, नीट, वर काटे खोचलेले. मला वाटलं शकूकाकूने घातला असेल. तिला वेगळा फोन केला, तर म्हणाली, "मी कशाला? मी नुसती भाकरी टाकून येते. सकाळी जावं तर हिचं आवरलेलंच असतं."

मी आरशासमोर उभी राहून एका हाताने अंबाडा घालून बघितला. नाही जमत. पुन्हा पुन्हा बघितलं.

आईला विचारलं तर हसली. "माझे हात मेले का?" म्हणाली. फोन भांड्याला टेकवलेला होता. डाव्या हातात चहाची बशी, उजवा पदराखाली.

ती तिच्या घरात आहे, सुखात आहे. मला आनंदच व्हायला हवा. बाई सांगायच्या तसं तपासायचं तर फक्त अंबाडा घालताना फोन समोर ठेवायला सांगायचा... ते माझ्याने होत नाही. आम्ही रोज बोलतो. संध्याकाळची वेळ असते, तिच्या बाजूला दिवा लागलेला असतो. मी आईच्या तोंडाकडेच बघत राहते. तिच्या मागच्या भिंतीवर पडणाऱ्या सावलीकडे बघत नाही.