भुशाचे ठसे

"आधी माझं वजन, मग गिऱ्हाईकाचं," हे मामाचं ठरलेलं बोलणं. शिड्यांच्या कारखान्यात तपासणीचं काम सव्वीस वर्षं त्याच्याकडे. तयार झालेली प्रत्येक शिडी तो भिंतीला टेकवायचा, अनवाणी पार वरपर्यंत चढायचा, पायरीपायरीवर दणकन पाय आपटायचा आणि खाली उतरून खडूची खूण करायचा. मगच ती पॉलिशसाठी भाचीकडे जायची.

पायऱ्यांवरचे त्याच्या पायांचे भुशाचे ठसे पुसून पुसून भाची वैतागायची. "मामा, पाय धुऊन चढत जा की. माझं निम्मं काम वाचेल."

"मग पगार कशाचा घेशील गं?"

धाकट्या मालकांनी नवी योजना काढली. पास होईल त्या प्रत्येक शिडीमागे मामाला जादा पैसे, शिवाय महिन्याअखेरीस सगळ्यांसमोर सत्कार. वीस शिड्या तपासता तपासता ज्याचा दिवस मावळायचा, तो मामा पन्नासवर गेला. शिड्यांवरचे ठसेही दिसेनासे झाले. मामानं अखेर आपलं ऐकलं, पाय धुतो आता, म्हणून भाची मनोमन सुखावली. सत्काराच्या वेळी सगळ्यांत जोरात टाळ्या तिच्याच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती फडकं झटकायला मागच्या अंगणात गेली. शिड्या जमिनीवर ओळीनं आडव्या पडल्या होत्या. मामा ओळीच्या कडेनं चालत चालत, वाकून एकेकीवर खूण करत होता.

एक शिडी उचलून तिनं भिंतीला लावली. "मामा, चढ."

"अगं, आता नुसतं बघूनही कळतं मला."

"मग चढ की."

तो हसत हसत चढला. वरून तिसरी पायरी मधोमध मोडली. मामा दोन्ही हातांनी लोंबकळला, कसाबसा उतरला. मोडलेल्या लाकडात काळी गाठ होती. त्या गाठीकडे तो बघतच राहिला.

"कालच्या कुठायत?" त्यानं विचारलं.

"सकाळीच गेल्या. बाजारातल्या दुकानात."

मामानं खडू तिच्या हातात ठेवला आणि फाटकाकडे निघाला. वरच्या खिडकीतून धाकटे मालक म्हणाले, "मामा, अहो चप्पल तरी घाला. निघालात कुठं?"

"चढायला," मामा म्हणाला, मागं न बघता.

बाजाराच्या रस्त्यावर अनवाणी जाणारा मामा वळणाआड होईपर्यंत मालक खिडकीत होते. भाची त्यानंतरही फाटकाशी उभी होती.